नैवेद्यातील साखर आणि तिचे प्रतिनिधी

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा साखरेऐवजी बाजारात मिळणाऱ्या एखाद्या गोड पुडीने करावा काय, असा प्रश्न आपल्या सभासद कुटुंबांतून अलीकडे वारंवार विचारला जाऊ लागला आहे. वरवर पाहता हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो. परंतु त्याचा विचार करू लागले असता ध्यानात येते की, त्याचे एक टोक धर्मशास्त्रात, दुसरे वैद्यकात आणि तिसरे आपल्या शीलात गुंतलेले आहे. यास्तव या अंकी त्याचा थोडा सविस्तर परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न काही मूठभर रुग्णांचा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लक्ष असून त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून अधिक आहेत. आपल्या मालव्यातील मराठी घरांची गोष्ट तर अधिकच नाजूक. राणोजी शिंद्यांच्या काळापासून जी कुटुंबे या क्षिप्रातीरी येऊन राहिली, त्यांनी पुरणपोळी, श्रीखंड आणि गुळपोळी सोबत आणली. आणि मालव्याने त्यांत जिलबी आणि मावाबाटीची भर घातली. दौलतराव शिंद्यांनी सन १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरास नेली, पण दोन्ही प्रांतांचे गोड मात्र आमच्या ताटात कायमचे राहिले. देवास गेटावर सकाळी नुसते उभे राहिले तरी पोह्यांबरोबर जिलबीचा पुडा हातात पडल्यावाचून राहत नाही. अशा ठिकाणी गोडाचा संयम करणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे होय.

आता प्रथम शास्त्राचे मत पाहू. साखर हीच काही अनादि वस्तू नव्हे. अथर्ववेदात उसाचा उल्लेख आहे खरा. परंतु 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडा, वाळूचा कण असा आहे, आणि रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या साधल्यावरच तो शब्द या गोड वस्तूस लागला. हाच शब्द पुढे अरबस्तानातून युरोपात जाऊन तेथील भाषांत रुळला. पंचामृतात साखरेच्या शेजारी मधही बसला आहे, तो तिचा वडीलधारा म्हणूनच. खुद्द सत्यनारायणाच्या कथेत प्रसादाची द्रव्ये सांगताना, गव्हाचे पीठ नसेल तर तांदळाचे घ्यावे आणि साखर किंवा गूळ घ्यावा, अशी मोकळीक दिली आहे. म्हणजे पर्यायाचा विचार आपल्या परंपरेस परका नाही.

किंबहुना या विषयाचे एक स्वतंत्र शास्त्रच आपल्याकडे आहे. जैमिनींच्या पूर्वमीमांसेत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात 'प्रतिनिधी'चा विचार केलेला आहे. यज्ञास सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर काय करावे? यज्ञ टाकून द्यावा की दुसरे द्रव्य घ्यावे? मीमांसकांचे उत्तर असे की, मूळ द्रव्याशी साम्य असलेले दुसरे द्रव्य घ्यावे, पण कर्म मोडू नये. साळीचे तांदूळ नसतील तर नीवार म्हणजे रानातला देवभात. सोमवल्ली नसेल तर पूतीका. मात्र या मोकळिकीला त्यांनी तीन कुंपणे घातली. यज्ञास निषिद्ध असलेला उडीद मुगाशी कितीही जुळता असला तरी तो प्रतिनिधी होऊ शकत नाही, हे पहिले. देवता, अग्नि, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही, हे दुसरे. आणि तिसरे, जे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे: यज्ञाचे फळ ज्याला मिळावयाचे त्या यजमानाला प्रतिनिधी नाही. द्रव्य बदलता येते, कर्ता बदलता येत नाही. हे सूत्र वाचकांनी मनात धरून ठेवावे. पुढे आपणांस त्याकडेच परतावयाचे आहे.

आता साखरेचे जे प्रतिनिधी बाजारात मिळतात त्यांची ओळख करून घेऊ. सुरुवातीसच एक गैरसमज दूर केला पाहिजे. गूळ, मध, खडीसाखर आणि खजूर हे साखरेचे प्रतिनिधी नव्हेत, सख्खे भाऊ आहेत. गुळात थोडी खनिजे अधिक असतील. पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि रक्तातील शर्करा तो जवळजवळ साखरेइतकीच चढवितो. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना बैठे सुख, झोपेचे सुख, दही आणि नवे धान्य यांच्या पंक्तीस गुळाचे पदार्थही बसविले आहेत, हे 'गूळ चालतो' म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

खऱ्या प्रतिनिधींत वयाने वडील सॅकरिन. सन १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फालबर्ग या रसायनज्ञाच्या बोटांना लागलेली गोडी जेवताना जिभेस कळली आणि त्याचा शोध लागला. साखरेहून तीन-चारशे पट गोड. परंतु मागे धातूसारखी कडवट चव ठेवून जाणारे. उंदरांवरील प्रयोगांमुळे सन १९७७ मध्ये ते कर्करोगाच्या संशयात सापडले, आणि मनुष्यास ते लागू नाही असे ठरून सन २००० मध्ये अमेरिकेत त्याच्या वेष्टनावरील इशारा काढण्यात आला.

दुसरे अस्पार्टेम, सन १९६५ मधले. सुमारे दोनशे पट गोड. याची चव साखरेच्या पुष्कळ जवळची, पण उष्णतेने ते विघटित होऊन गोडी जाते; म्हणून कढईतल्या शिऱ्यास ते निरुपयोगी. फेनिलकीटोनमेह नावाचा जन्मजात विकार असलेल्यांस ते वर्ज्य आहे. सन २०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने त्यास 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या वर्गात घातले. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनास दिवसाला ४० मिलिग्रॅम ही जुनीच मर्यादा कायम ठेवली. म्हणजे घाबरून जाण्याचेही कारण नाही आणि मुठीने खाण्याचेही नाही.

तिसरे सुक्रालोज. याच्या शोधाशी एका मराठी नावाचा संबंध आहे. सन १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात साखरेच्या रेणूंवर प्रयोग चालू असता, शशिकांत फडणीस या तरुण संशोधकास एका पदार्थाची 'टेस्ट' करण्यास, म्हणजे परीक्षण करण्यास, सांगण्यात आले. त्यांनी तो शब्द 'टेस्ट' याच्या दुसऱ्या अर्थाने, म्हणजे चव पाहण्याचा, ऐकला आणि पदार्थ जिभेवर ठेवला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तो साखरेहून सुमारे सहाशे पट गोड निघाला. हे साखरेपासूनच, तिच्या रेणूतील तीन ठिकाणी क्लोरीन बसवून, तयार होते. शिजविताना ते अस्पार्टेमपेक्षा पुष्कळ टिकते. म्हणून घरगुती पक्वान्नांत त्याचा वापर अधिक.

चौथी स्टीव्हिया. ही पराग्वे देशाची वनस्पती. तेथील ग्वारानी लोक तिची पाने फार पूर्वीपासून वापरीत आले. तिच्या पानांतून काढलेला अर्क साखरेहून दोन-तीनशे पट गोड असतो, आणि मागे ज्येष्ठमधासारखी किंचित कडसर चव ठेवतो. भारतात सन २०१५ मध्ये त्यास अन्नपदार्थांत परवानगी मिळाली. 'वनस्पती आहे म्हणजे निर्दोष' असे मात्र समजू नये. आपल्याच घरातील ज्येष्ठमध अति प्रमाणात घेतला तर रक्तदाब चढतो.

पाचवा एरिथ्रिटॉल. हा साखरेच्या साठ-सत्तर टक्केच गोड, पण दिसण्यात आणि आकारमानात साखरेसारखा; म्हणून पाककृतीस सोयीचा. जिभेवर गारवा जाणवतो. रक्तशर्करा तो जवळजवळ चढवीत नाही. परंतु सन २०२३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रक्तातील त्याच्या वाढलेल्या प्रमाणाचा हृदयविकार व पक्षाघाताशी संबंध आढळल्याचे प्रसिद्ध केले. कार्यकारण सिद्ध झालेले नाही, तरी हृदयरोग्याने वैद्यास विचारल्यावाचून तो नित्य घेऊ नये. याच कुळातला माल्टिटॉल 'साखरविरहित' मिठाईत पुष्कळदा असतो. तो रक्तशर्करा काही अंशी वाढवितोच, आणि अधिक खाल्ल्यास पोट बिघडवितो.

आता गृहिणींस ठाऊक असलेली गोष्ट: साखर केवळ गोडी देत नाही, ती अंगही देते. एकतारी पाक, लाडवाचा बांधा, जिलबीचा चकचकीतपणा हे सारे साखरेच्या वजनातून येते. चिमूटभर सुक्रालोजने गोडी येईल, पाक होणार नाही. ही उणीव भरून काढण्यास पुष्कळशा पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोज मिसळलेले असते. म्हणून वेष्टनाच्या मागील बारीक अक्षरे समोरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचावीत.

याहून मोठी गोष्ट अशी की, पिष्टमय पदार्थ कमी करण्याचे व्रत ज्यांनी घेतले आहे त्यांचा शत्रू एकटी साखर नव्हे. एका द्रोणातील शिऱ्यात वीस ग्रॅम रवा आणि वीस ग्रॅम साखर धरली, तर साखरेची वीस आणि रव्याची सुमारे पंधरा मिळून पस्तीस ग्रॅम कर्बोदके होतात. केळे आणि दूध निराळेच. साखर काढून पुडी घातली तरी रव्याची पंधरा राहतातच. आणि 'आता हा आपल्याला चालतो' म्हणून दुसरा द्रोण घेतला की ती तीस होतात! उपवासाच्या साबुदाण्यात तर साखर चिमटीभरच असते. पण कोरड्या साबुदाण्याच्या शंभर ग्रॅमांत पंच्याऐंशीहून अधिक ग्रॅम केवळ पिष्ट असते. एकादशीचा उपवास मधुमेह्यास रोजच्या जेवणाहून जड जातो, तो यामुळे.

सन २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जो सल्ला प्रसिद्ध केला, त्याचा रोख हाच आहे. वजन ताब्यात ठेवण्याचा उपाय म्हणून अशा गोड द्रव्यांवर विसंबू नये, असे तिने सांगितले. दीर्घकाळच्या वापराने अपेक्षित लाभ दिसत नाही. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांस उद्देशून नाही, आणि एरिथ्रिटॉलसारख्या शर्करा-मद्यार्कांस तो लागू केलेला नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तात्पर्य, ज्याला चहा गोडच लागतो अशा रुग्णास मर्यादेत घेतलेली पुडी ही साखरेपेक्षा बरी. परंतु निरोग्यास ती आरोग्य देत नाही.

येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक सूक्ष्म निरीक्षण आहे: आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मनात शिल्लक राहते. पुडीची गोष्ट याच्या नेमकी उलट. ती विषय काढून घेते आणि गोडी जशीच्या तशी ठेवते. आपल्या वैद्यकात गुडमार नावाची एक वेल आहे. तिचे पान चघळले तर काही काळ जिभेला गोड कळेनासे होते, साखर वाळूसारखी लागते. एकीकडे साखर असून गोडी नाही, दुसरीकडे गोडी असून साखर नाही. पण दोन्ही ठिकाणी काम औषधाने केले, मनाने काहीच केले नाही. औषध घेण्यात दोष मुळीच नाही. औषधाला तप म्हणण्यात मात्र आहे.

मीमांसकांचे सूत्र येथे उपयोगी पडते. साखर हे द्रव्य आहे. तिला प्रतिनिधी आहे. संयम करणारा हा यजमान आहे; त्याला प्रतिनिधी नाही. आणि तरीही आमच्या घराघरांत आम्ही यजमानालाच प्रतिनिधी नेमीत असतो. रोग सासऱ्यांचा, आणि साखरेचा डबा लपविण्याचे काम सुनेचे! तिने बरणी उंच फळीवर ठेवावी, सणासुदीस दोन कढया चढवाव्या, आणि कोणी चोरून लाडू खाल्ला तर रागही तिच्यावरच निघावा. पथ्य ज्याचे त्याने पाळावयाचे असते. घरातील स्त्रीने ते त्याच्या वतीने पाळावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि निष्फळही आहे.

दुसरा दोष आग्रहाचा. मालव्यात ज्याला 'मनुहार' म्हणतात ती सुंदर रीत आहे. पाहुण्यास प्रेमाने एक घास अधिक वाढणे हा गृहस्थधर्म आहे. परंतु जो 'नको' म्हणतो त्याच्या 'नको'मागे औषधाची चिठ्ठी असू शकते. 'एकाने काय होते' असे म्हणत त्याच्या पानात जिलबी टाकणे हा पाहुणचार नव्हे, ती नकळत केलेली हिंसा आहे. प्रसादाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. प्रसाद कणभर घेतला तरी पूर्ण असतो. मस्तकी लावून घरच्यांस दिला तरी त्याचा अव्हेर होत नाही.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते घर आणि मंदिर यांत भेद करावा. चित्रकूटावर श्रीरामांस पित्याचा पिंड द्यावयाचा होता तेव्हा राजधानीतले अन्न जवळ नव्हते. त्यांनी इंगुदी आणि बोरे यांचाच पिंड दिला, कारण मनुष्य जे खातो तेच त्याच्या देवतांचे अन्न. ज्या घरातील यजमान साखर खात नाही, त्याने स्टीव्हियाचा किंवा सुक्रालोजचा शिरा केला आणि तोच देवास दाखविला तर त्यात काही उणे नाही. साखरेचा अभाव बाजारात नाही हे खरे, पण तो त्याच्या शरीरात आहे. त्यालाही तेवढे करावेसे वाटत नसेल तर गीतेने पान, फूल, फळ आणि पाणी यांची मोकळीक दिलेलीच आहे. देवाने गोडाची अट घातलेली नाही.

मंदिराचा सामुदायिक प्रसाद मात्र मूळ द्रव्यांचाच असावा. तो लहान मुले, गर्भवती, वृद्ध, निरोगी आणि रोगी असे सर्वच घेतात. एकाचे पथ्य दुसऱ्याचे अपथ्य होऊ शकते, आणि कढईत कोणती पुडी पडली हे द्रोण हाती घेणाऱ्यास कळत नाही. त्याऐवजी प्रसाद लहान चमच्याने द्यावा आणि शेजारी खोबऱ्याचा तुकडा व तुळशीचे पान ठेवावे. कोणी सभासद पर्यायी द्रव्याचा नैवेद्य आणणार असेल तर त्याने पात्रावर त्या द्रव्याचे नाव स्पष्ट लिहावे. सत्यनारायणाच्या पूजेत तरी सत्य झाकलेले नसावे.

शेवटी एक सूचना, जिच्यावर प्रसंगी कोणाचा प्राण अवलंबून असेल. महाशिवरात्रीस आणि श्रावणी सोमवारी आपल्यापैकी पुष्कळजण निर्जळ किंवा अल्पाहारी राहून महाकालाच्या रांगेत तासन् तास उभे असतात. त्यांत इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणारेही असतात. उपवासापूर्वी औषधाची मात्रा वैद्याच्या सल्ल्याने ठरविली नाही, तर रक्तातील शर्करा एकाएकी उतरते. दरदरून घाम, हातापायांस कंप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात असंबद्धता ही तिची लक्षणे. त्या क्षणी सॅकरिन, सुक्रालोज, स्टीव्हिया यांपैकी कोणीही उपयोगी पडत नाही. जीभ फसते, रक्त फसत नाही. तेथे खरी साखरच हवी: तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, पाण्यात विरघळवून लगेच द्यावी; पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपवास मोडला म्हणून त्या वेळी कोणी खंत करू नये. देह राखणे हाही धर्मच आहे.

यास्तव ज्यांच्या घरी मधुमेही आहेत त्यांनी उपवासाच्या दिवशी साखरेची पुडी त्यांच्या खिशात घालून मगच त्यांस घराबाहेर पाठवावे. आणि आपल्या मंदिराच्या स्वयंपाकघरात इतर सर्व बदल झाले तरी साखरेचा एक डबा नेहमी भरलेला व हाताशी असावा. ज्या वस्तूपासून आपण वर्षभर दूर राहतो तीच एखाद्या क्षणी तारक होते. तिचा द्वेष करावयाचा नाही आणि तिच्या आहारीही जावयाचे नाही. तिची वेळ आणि तिचे माप ओळखावयाचे, एवढेच. ते माप धरणारा हात प्रत्येकाचा स्वतःचा असावा, आणि श्रीमहाकालाने त्यास बळ द्यावे, ही प्रार्थना.